गोळी सुरू करतानाच सांगायला हवं

नैराश्याच्या गोळ्यांबद्दल मी कितीतरी वर्षं लोकांना एकच सांगत आले. गोळी घ्या, न घाबरता घ्या, तिची सवय लागत नाही, बरं वाटलं की बंद करता येते. यातलं ‘गोळी घ्या’ मी आजही तेवढ्याच ठामपणे म्हणते. ‘बरं वाटलं की बंद करता येते’ हे मात्र आता माझ्या तोंडून येत नाही, आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी त्याला थांबवते. माझं मत का बदललं ते एकदा नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं. ज्यांना मी गोळ्या घ्यायला लावल्या, त्यातल्या काहींनी तरी हे वाचावं अशी इच्छा आहे.

धारवाडात वाढलेल्या माणसाला या विषयाचा संकोच जरा जास्तच असतो. हुबळीपासून बेळगाव-विजापूरपर्यंत कुणी ‘याला आता धारवाडला न्यायला पाहिजे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पेढा आठवत नाही, विद्यापीठ आठवत नाही आणि गाणंही आठवत नाही. १८४५ पासून इथं मनोरुग्णालय आहे. मुंबई इलाख्यातला तो वेड्यांचा आश्रम आज डिम्हान्स, म्हणजे धारवाड मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था झाला आहे. झोप येत नाही, भीती वाटते, मन लागत नाही अशा तक्रारी घेऊन चालत आलेली माणसं औषध घेऊन संध्याकाळच्या आत घरी परततात. तरी जुन्या लोकांच्या तोंडी ती ‘हुच्चर आस्पत्री’च, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. माझी एक चुलतआजी तिथं कित्येक वर्षं होती, हे माळमड्डीतल्या आमच्या घरात मला लग्न ठरून गेल्यावर कळलं. त्याआधी सांगितलं असतं तर स्थळं आली नसती, असं आईचं म्हणणं होतं, आणि त्या काळी ते खरंही होतं.

मी स्वतः आजारी पडले ते नव्वदच्या दशकात. धाकटा मुलगा तेव्हा शाळेतही जात नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. पहाटे तीनला जाग यायची, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटायचं, आणि वर्गात खडू हातात घेऊन उभी राहिले की पुढचं वाक्य सुचायचं नाही. सासूबाईंनी हुबळीच्या सिद्धारूढ मठात नेलं, दर सोमवारी नेलं. तिथं शांत वाटायचं, घरी आलं की पुन्हा तेच. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हुबळीतल्याच एका मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. धारवाडात कुणी ओळखीचं भेटेल, म्हणून हुबळी. त्यांनी फ्लुओक्सेटीन दिलं. पहिला आठवडा मळमळण्यात गेला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका सकाळी चहा ठेवताना लक्षात आलं की आज उठल्याउठल्या रडू आलं नाही. सव्वा-दीड वर्षानं डॉक्टर म्हणाले, आता बंद करू. केली. काही म्हणता काही झालं नाही. चक्कर नाही, घाम नाही, झोप नेहमीसारखी.

त्या एका अनुभवावर माझं सगळं मत उभं होतं. औषधानं मला माझं घर, माझा वर्ग, माझी मुलं परत दिली होती, आणि जाताना काही मागितलं नव्हतं. त्यानंतर नात्यात, शेजारी, शाळेत कुणी मिटून बसलेलं दिसलं की मी जाऊन बोलायची. अमुक वैनींना मीच घेऊन गेले, तमुक मास्तरांच्या बायकोची मीच समजूत घातली. ‘या गोळ्यांची सवय लागते म्हणे’ असं कुणी म्हटलं की मला राग यायचा, कारण त्याच एका भीतीपोटी माणसं वर्षानुवर्षं कुढत राहताना मी पाहिली होती. बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की आपल्याकडे तीव्र नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नाहीत. हा आकडा वाचल्यावर तर माझा निश्चय आणखी पक्का झाला. इतक्या भीतीत गोळी सोडतानाच्या त्रासाची आणखी एक भीती कशाला घालायची? तो विषय काढायचाच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

माझी भाची पुण्याला असते. ती व्हेन्लाफॅक्सिन घेत होती, दीड-दोन वर्षं झाली होती, नोकरी चालू होती, हसत होती. एका वर्षी दिवाळीनंतर ती चार दिवस माझ्याकडे आली आणि गोळ्यांची पट्टी पुण्यातच राहिली. एकदोन दिवसांनी काय होतंय, असं मीच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हुबळीहून चिगरी बसनं परत येत होतो. ज्युबिली सर्कलला उतरताना तिनं दांडा घट्ट धरून ठेवला आणि डोळे मिटले. मागचे लोक ओरडायला लागले.

“आत्या, मान वळवली की डोक्यात करंट येतोय. नुसते डोळे फिरवले तरी येतोय. खोटं नाही सांगत.”

संध्याकाळपर्यंत तिला घाम फुटला, पोटात ढवळायला लागलं, आणि उगीचच हुंदके देऊन रडू यायला लागलं. रात्री डोळा लागला की भयंकर स्वप्नं पडून ती दचकून उठायची. माझ्या मनात एकच आलं: आजार उलटला. गोळी दोन दिवस चुकली तर ही अवस्था, म्हणजे हिचं दुखणं अजून आत तसंच आहे, हिला आता जन्मभर गोळी लागणार. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. ती एकदम गप्प झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी औषधाची दुकानं पालथी घातली. तिला हवी होती ती हळूहळू विरघळणारी, त्याच ताकदीची कॅप्सूल. “अक्का, आ स्टॉक इल्ल्री,” म्हणजे तो माल नाही, असं दोघातिघांनी सांगितलं. अखेर हुबळीत मिळाली. दुपारी तिनं घेतली आणि रात्री आठला ती माझ्याशेजारी ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. करंट बंद, रडू बंद, चक्कर बंद.

तिला बरं वाटलं याचा मला आनंद झालाच, पण रात्रभर मी जागी होते ती त्या वेगामुळे. माझ्या स्वतःच्या आजारात गोळी लागू पडायला तीन-चार आठवडे लागले होते. बहुतेकांना तसेच काही आठवडे लागतात, ही औषधं नैराश्यावर काही तासांत कधीच काम करत नाहीत. मग काही तासांत जे गेलं, ते नैराश्य नव्हतंच. औषध एकाएकी थांबल्यामुळे शरीरानं केलेली ती तक्रार होती, आणि औषध परत मिळताच ती मिटली. विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे कळायला पुरावा पुरेसा होता.

मग मला काहीच का झालं नाही? याचं उत्तर मी फळ्यावर किती वेळा लिहिलं होतं, फक्त किरणोत्सर्गाच्या धड्यात. अर्धायुष्य. औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ. व्हेन्लाफॅक्सिनचं अर्धायुष्य पाचएक तासांचं आहे, यकृतात त्याचं जे रूपांतर होतं तेही कामाचंच असतं आणि त्याचं अकराएक तासांचं. पॅरोक्सेटीनचं एक दिवसाच्या आत, एस्सिटालोप्रामचं तीसएक तास. आणि मी घेत होते त्या फ्लुओक्सेटीनचं? ते शरीरात साचलं की चार ते सहा दिवस, आणि त्यापासून तयार होणारं नॉरफ्लुओक्सेटीन आठवडा-दोन आठवडे टिकतं. म्हणजे मी गोळी थांबवली त्या दिवशी औषध थांबलंच नव्हतं. ते पुढे महिनाभर आपलं आपण, थोडं थोडं करत उतरत गेलं, आणि मेंदूला सावकाश जुळवून घ्यायला वेळ मिळाला. माझ्या मनाची ताकद, माझी श्रद्धा, डॉक्टरांचा हातगुण यांचा त्यात काही संबंध नव्हता. मला दुसरी गोळी लिहून दिली गेली असती, तर कदाचित मीही दांडा धरून डोळे मिटले असते आणि आयुष्यभर या गोळ्यांच्या विरोधात बोलत राहिले असते.

त्यानंतर मिळेल ते वाचलं. जे वाचलं त्यानं मी अस्वस्थ झाले, कारण ही गोष्ट नवी नव्हती. नैराश्यावरचं पहिलं मोठं औषध इमिप्रॅमिन. त्याचा गुण स्वित्झर्लंडमधल्या रोलांड कून यांना १९५६-५७ च्या सुमारास दिसला, आणि ते थांबवल्यावर रुग्णांना त्रास होतो हे १९५९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं होतं. फ्लुओक्सेटीनला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, त्यामागून तशाच औषधांची रांग लागली, आणि ‘सोडताना काही होत नाही, झालं तर किरकोळ, आठवडाभरात जातं’ हे जगभर सांगितलं जाऊ लागलं. २००२ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमानं पॅरोक्सेटीन सोडताना होणाऱ्या हालांवर भाग दाखवला तेव्हा प्रेक्षकांच्या फोनांचा आणि ईमेलचा पूर लोटला. तरी ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजला आपली भूमिका बदलायला २०१९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी त्यांनी मान्य केलं की काही रुग्णांना हा त्रास तीव्र होतो, लांबतो, आणि रुग्णाला त्याची कल्पना द्यायला हवी. तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही त्याच वर्षी बदलल्या. एवढी मोठी संस्था उघडपणे मत बदलू शकते, तर मी बदलायला काहीच हरकत नव्हती.

आता प्रमाण. इथं मला काटेकोर राहायचं आहे, कारण हा विषय निघाला की दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. २०२४ मध्ये ‘लान्सेट सायकियाट्री’त ७९ अभ्यासांचा आणि २१ हजारांवर रुग्णांचा एकत्रित आढावा आला. गोळी थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षण जाणवलं. पण औषध नसलेली, नुसती खोटी गोळी थांबवलेल्यांपैकीही सुमारे १७ टक्क्यांना तसं जाणवलं. म्हणजे खरोखर औषध थांबल्यामुळे त्रास झालेले शंभरात पंधराएक, साधारण सहा-सात जणांत एक. आणि त्रास तीव्र झालेले सुमारे पस्तिसांत एक. यातले बरेच अभ्यास थोडे महिनेच गोळी घेतलेल्यांचे आहेत. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे प्रमाण जास्त असावं असं अनेक तज्ज्ञ म्हणतात, त्यावर वाद चालू आहे.

माझ्या ओळखीचे एक डॉक्टर हे सगळं ऐकून म्हणाले, “बाई, ते १७ टक्के पाहा की. भीती घातली की लक्षणं येतात. म्हणून तर आम्ही सांगत नाही.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते झटकून टाकत नाही. अनेक वर्षं माझंही तेच म्हणणं होतं. पण माझ्या भाचीला कुणी घाबरवलं नव्हतं. तिला काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळेच ती जास्त घाबरली. डोक्यात करंट येतोय म्हणजे मेंदूत गाठ झाली, असं तिला त्या रात्री वाटत होतं. ते तिनं मला फार नंतर सांगितलं. ‘गोळी चुकली तर असं होऊ शकतं, घाबरू नकोस, घेतली की थांबेल’, एवढी दोन वाक्यं तिच्याजवळ असती तर ती त्या रात्री झोपली असती. आणि मी तिला ‘जन्मभर लागणार’ असं म्हटलं नसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. गोळी सोडल्यावर झालेला त्रास जर आजारच उलटल्याचा समजला गेला, तर माणूस घाबरून पुन्हा गोळी सुरू करतो, बरं वाटतं, आणि त्याची खात्री पटते की आपण गोळीशिवाय जगूच शकत नाही. अशी माणसं मला आता आजूबाजूला दिसतात. दर वेळी एकदम सोडली, दर वेळी तिसऱ्या दिवशी कोसळली, दर वेळी परत घेतली. त्यांना जन्मभराचा आजार आहे की फक्त सावकाश सोडण्याचा मार्ग कुणी दाखवला नाही, हे कुणी तपासलेलंच नाही. ओळखायला काही खुणा आहेत. सोडतानाचा त्रास बहुतेक वेळा काही दिवसांतच सुरू होतो, त्यात करंट, चक्कर, मळमळ अशी शरीराची लक्षणं असतात, ती मूळ आजारात कधी नव्हती. नैराश्य परततं ते सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि जुन्याच वाटेनं येतं. माझ्या बाबतीत पहाटे तीनची जाग, तशी प्रत्येकाची आपली वाट असते. खुणा दर वेळी इतक्या स्वच्छ नसतात, म्हणून डॉक्टर हवेतच.

आजार परततो, हेही मला तितक्याच स्पष्टपणे सांगायचं आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला अँटलर नावाचा अभ्यास आहे. बरं वाटत असलेले, गोळी सोडायचा विचार करणारे ४७८ रुग्ण. निम्म्यांची गोळी दोनेक महिन्यांत कमी करत थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली, कुणाला काय मिळतंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. वर्षभरात थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के पुन्हा आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. त्या ५६ मध्ये काहींचा सोडतानाचा त्रासच आजार म्हणून मोजला गेला असेल, तरी फरक उरतोच. ज्यांना नैराश्य दोनदा-तीनदा येऊन गेलंय, ज्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केलाय, त्यांच्यासाठी गोळी चालू राहणं हाच शहाणपणाचा निर्णय असू शकतो, आणि त्यात कसलाही कमीपणा नाही.

गोळी घेत असताना होणाऱ्या त्रासाबद्दलही आपण असेच गप्प असतो. मळमळ, डोकेदुखी, तोंड कोरडं पडणं हे पहिल्या आठवड्यातलं डॉक्टर सांगतात, ते बहुधा जातंही. शरीरसंबंधाची इच्छा मरणं किंवा त्यातलं सुख हरवणं मात्र पुष्कळांना होतं आणि आपल्या घरांत त्याचा उच्चारही होत नाही. माझ्या ओळखीच्या एका जोडप्यात यावरून केवढा गैरसमज झाला! बायको समजत होती नवऱ्याचं मन दुसरीकडे लागलंय. नवरा समजत होता आपण संपलो. डॉक्टरांना विचारायचं धाडस दोघांनाही होईना. वास्तविक मात्रा कमी करून किंवा औषध बदलून यावर पुष्कळदा उपाय निघतो. वयस्कर माणसांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम घसरून गुंगी, तोल जाणं, असंबद्ध बोलणं असं होऊ शकतं, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्यांनी जवळ राहायचं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याबद्दल ठळक चौकटीत इशारा छापायला लावला आहे, २००४ पासून लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी, २००७ पासून पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठीही. आणि भावना बोथट होणं. हे माझ्याही वाट्याला आलं होतं, पण तेव्हा मी त्याला नाव दिलं नाही. दुःख गेलं त्याबरोबर थोडं सुखही गेलं होतं. लहानपणापासून आमच्या धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं ऐकताना अंगावर काटा यायचा; त्या दीड वर्षात मी त्यांच्या ध्वनिफिती लावायची, सूर कळायचे, राग ओळखता यायचा, काटा मात्र येत नव्हता. गोळी थांबल्यावर काही महिन्यांनी तो परत आला. गोळी घ्यायचा माझा निर्णय त्यामुळे चुकीचा ठरत नाही, पण पुढच्या माणसाला हे आधी सांगायला हवं होतं.

आपल्याकडचा एक प्रकार वेगळा सांगितला पाहिजे. एकाच गोळीत एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम, अशा जोडगोळ्या इथं सर्रास लिहून दिल्या जातात. क्लोनाझेपामनं पहिल्याच रात्री झोप लागते, म्हणून रुग्ण खूश, घरचे खूश. पण क्लोनाझेपामची खरोखरच सवय लागते आणि ते रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केलं तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ते थोड्या आठवड्यांपुरतं ठीक. एका गोळीत दोन औषधं बांधलेली असली की एक कमी करून दुसरं चालू ठेवता येत नाही, आणि घेणाऱ्याला आपण दोन औषधं घेतोय याचा पत्ताही नसतो. आपल्या पट्टीच्या मागं काय लिहिलंय ते प्रत्येकानं वाचावं. दोन नावं दिसली तर डॉक्टरांना विचारावं.

भाचीनं पुढच्या वर्षी गोळी कमी करायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा तिला सल्ला मिळाला: ‘पंधरा दिवस एक दिवसाआड घ्या, मग बंद.’ हा सल्ला आपल्याकडे फार प्रचलित आहे. फ्लुओक्सेटीनला तो चालूनही जाईल. पाच तासांत निम्म्या होणाऱ्या औषधाला एक दिवसाआड म्हणजे दर दुसऱ्या दिवशी तोच त्रास नव्यानं. तिचं तसंच झालं. मग तिनं दुसरे डॉक्टर गाठले, आणि त्यांनी मला न समजलेली एक गोष्ट तिला कागदावर रेघ काढून समजावली. २०१९ मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी तीच मांडली आहे. औषध अर्धं केलं म्हणजे मेंदूवरचा परिणाम अर्धा होत नाही. सिटालोप्रामचं उदाहरण घ्या. वीस मिलिग्रॅमला सेरोटोनिन शोषून घेणाऱ्या जागांपैकी सुमारे ८० टक्के व्यापलेल्या असतात. नऊ मिलिग्रॅमवर आलं तरी ७० टक्के. साडेपाचच्या आत ६० टक्के. म्हणजे सुरुवातीला मोठी कपात केली तरी मेंदूला फारसं कळत नाही, आणि शेवटच्या पाच मिलिग्रॅमवरून शून्यावर आलं की उरलेला सगळा परिणाम एकाच टप्प्यात जातो. जिन्याच्या वरच्या पायऱ्या बोटभर उंचीच्या आणि शेवटची कमरेएवढी, असा हा उतार आहे. बहुतेक लोक पडतात ते त्या शेवटच्या पायरीवर, आणि नेमकं तिथंच त्यांना सांगितलेलं असतं की ‘आता अगदी लहान डोस आहे, सोडून द्या.’

त्यामुळे शेवटी शेवटी फार थोडं थोडं, आणि दर टप्प्यावर काही आठवडे थांबून कमी करायचं. कुणाला दोन महिने पुरतात, कुणाला वर्ष लागतं. अडचण अशी की इथल्या दुकानांत इतक्या लहान मात्रा मिळत नाहीत, पातळ औषध सहज सापडत नाही, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तोडायच्या नसतात. डॉक्टर मग वेगवेगळे मार्ग काढतात. कधी लहान मात्रेची वेगळी गोळी, कधी लांब टिकणाऱ्या फ्लुओक्सेटीनवर नेऊन मग तिथून उतरवणं. हे घरी बसून करायचं काम नाही. दोन औषधं चुकीच्या प्रमाणात एकत्र आली तर जिवावर बेतू शकतं. पण डॉक्टरांनी करायचं काम मात्र आहे. हळूहळू सोडायचा आराखडा रुग्णानं मागितला तर ‘तुम्ही फार वाचता’ असं उत्तर मिळता कामा नये.

भाची आज अगदी लहान मात्रेवर आहे. मधे एकदा तिला कामाचा ताण वाढला तेव्हा तिनं आणि तिच्या डॉक्टरांनी मिळून उतरणं थांबवलं, आहे तिथंच राहिली. पुढे सोडेल की नाही तिला ठाऊक नाही, आणि मीही आता विचारत नाही. ‘कधी सोडणार’ हा प्रश्न ‘कशाला घेतेस’ इतकाच जाचक असतो, हे मी तिच्याकडून शिकले.

परवा शेजारची एक मुलगी तिच्या आईला घेऊन आली. आईला नुकतंच औषध लिहून दिलं होतं, पट्टी अजून फोडली नव्हती. मी आधीसारखंच म्हणाले, घ्या. मग पुढचंही सांगितलं. पहिले दहाएक दिवस पोट बिघडेल, गुण यायला महिना लागेल, मध्ये सोडू नका. प्रवासाला जाताना गोळ्या आधी पिशवीत टाका. काही वेगळं वाटलं, मग ते कितीही लाजेचं असो, डॉक्टरांना सांगा. आणि बरं वाटल्यावर एके दिवशी स्वतःहून बंद करू नका, तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन ‘कसं उतरवायचं’ ते विचारा. मला वाटलं होतं, एवढं ऐकून त्या पट्टी माझ्याच घरी ठेवून जातील. त्यांनी मुलीला वही काढायला लावली आणि सगळं लिहून घेतलं.

डॉक्टरांना माझी विनंती आहे की पहिल्या भेटीतली दोन मिनिटं यासाठी ठेवावीत. सुरू कशी करायची ते सांगता, थांबवायची कशी तेही त्याच वेळी सांगा. आणि हा लेख वाचणाऱ्या कुणाच्या घरात आज अशी गोळी चालू असेल, तर मी लिहिलेलं वाचून ती उद्या बंद करू नका. शंका असेल तर आपल्या डॉक्टरांकडे जा. लगेच कुणी भेटत नसेल, रात्र अवघड जात असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.